कडीचा सांधा

न्यासाच्या चालकांनी या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा विषय त्यांनी आमच्यावरच सोडला होता. शाळामास्तर आहे, तेव्हा शिक्षणाच्या महत्त्वावर चार पाने लिहील, अशी बहुधा त्यांची अपेक्षा असावी. परंतु महोत्सव रौप्याचा आहे. आणि न्यासाने गेली दोन वर्षे उन्हाळ्याच्या सुटीत जो चांदीकामाचा वर्ग चालविला, त्याचा हजेरीपट व हिशेबाची वही आमच्याकडे असते. तेव्हा रौप्याविषयीच लिहावे असे आम्ही ठरविले. शिवाय गेल्या वार्षिक सभेत एका सन्माननीय सभासदांनी या वर्गाबद्दल एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर त्या वेळी आम्हांला नीट देता आले नाही. ते येथे देण्याचा विचार आहे.

प्रश्न असा होता : "कड्या आता यंत्रावर किलोच्या हिशेबाने निघतात. मग दहावी झालेल्या मुलांना दीड महिना हाताने कड्या वळायला लावण्यात काय हशील?"

प्रश्न रास्त आहे. कडी म्हणजे तरी काय? तारेचा एक लहानसा वेढा. साखळीत, पैंजणात, कानातल्याच्या लोंबत्या भागात, घड्याळाच्या पट्ट्याशी, बाहीच्या बटणांत, जेथे म्हणून दागिन्याचे दोन भाग एकमेकांस जोडलेले असूनही हलते राहावे लागतात, तेथे कडी असते. दागिना पाहणाऱ्याची नजर तिच्यावर कधी जात नाही. ती तुटली म्हणजे मात्र जाते.

सचीनमध्ये हा प्रश्न का निघावा तेही सांगितले पाहिजे. हे गाव एके काळी जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील नवाबांच्या एका छोट्या संस्थानाचे ठाणे होते. पेशव्यांशी झालेल्या तडजोडीतून १७९१ साली ते संस्थान निर्माण झाले, १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली गुजरातेत आले. म्हणजे मराठी मुलखाशी सचीनचा संबंध तसा जुना आहे. पण आपली मंडळी येथे आली ती इतिहास वाचून नव्हे, पोटासाठी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीकाठच्या रेल्वेने उधन्याला उतरायचे आणि माग, मिल, छापखाना जेथे काम मिळेल तेथे बिऱ्हाड करायचे. औद्योगिक वसाहतीत बहुतेकांचा संबंध कापडाशी येतो. पण याच सचीनमध्ये हिरे व दागिने यांच्या निर्यातीसाठी राखलेले विशेष क्षेत्रही आहे. खाजगी क्षेत्राने उभारलेले देशातील पहिले म्हणून त्याला २००० साली मान्यता मिळाली. तेथे आपली मुले कामाला जातात, नाही असे नाही. परंतु पुष्कळदा 'हेल्पर' म्हणून. मेजाशी बसून दागिना घडविणारा कारागीर बहुधा बंगालकडचा असतो. त्यात त्या बंगाली मंडळींचा दोष काही नाही. त्यांनी लहानपणापासून हात बसविलेला असतो. आपल्या मुलांचा हात बसलेला नसतो, एवढेच.

यावर उपाय काय, याचा विचार करताना प्रथम आम्हांला मोठमोठे अभ्यासक्रम सुचले. कतारगामला १९७८ साली स्थापन झालेली इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट आहे, तेथे दागिन्यांचे रीतसर शिक्षण मिळते. ज्यांना शक्य आहे त्यांनी तेथे अवश्य जावे. पण ज्यांचे वडील मागावर बारा तास उभे असतात त्यांच्या मुलांना फी भरून कोर्स करण्याआधी, आपल्याला हे काम जमेल काय, एवढे तरी कळायला हवे. त्यासाठी हा वर्ग निघाला. वर्गाचे शिक्षक खानदेशातील एक वयोवृद्ध सोनार आहेत. मुले त्यांना आप्पा म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. ते आम्हांला सर म्हणतात, आणि आमचा एखादा अंदाज चुकला की "सर, तुमचं गणित कागदावरचं हाय" असे मुलांच्या देखत ऐकवितात.

आप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितले की, आपण फक्त कडी शिकवू. बटणे शेवटच्या आठवड्यात. आम्हांला ते फारच थोडे वाटले. दीड महिन्याने मत बदलले.

कडी तारेपासून होते आणि तार लगडीपासून. शुद्ध चांदी फार मऊ, म्हणून तिच्यात तांबे घालतात. १००० भागांत ९२५ चांदी आणि ७५ तांबे हे प्रमाण जगभर मान्य आहे. मुशीत वितळवून पन्हळीत ओतले की लगड तयार होते. ती ठोकून टोकाला निमुळती करावयाची आणि जंतरपट्टीतून ओढावयाची. जंतरपट्टी म्हणजे पोलादाची एक पट्टी. तिला मोठ्यापासून लहानापर्यंत क्रमाने भोके पाडलेली असतात. तारेला मेण लावून एकेका भोकातून ती ओढीत गेले म्हणजे तार बारीक होते व लांबते. सुरतेला ही विद्या नवी नाही. येथील जरीचा सारा धंदा चांदीची तार केसाइतकी बारीक ओढण्यावरच उभा राहिला. पण जरीची तार ओढणारे घराणे वेगळे आणि आपली दहावीची मुले वेगळी. पहिल्या दिवशी तार तिसऱ्याच भोकात तटकन तुटली.

ती का तुटली हे समजावून देण्यात दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस फुकट गेले असे आम्ही म्हणणार नाही. ओढून, ठोकून, वाकवून धातू कडक होतो. त्याच्या आतील कण एकमेकांत अडकून बसतात व पुढे सरकेनासे होतात. मग त्याला तापवून पुन्हा मऊ करावे लागते. चांदीच्या बाबतीत साधारण ६५० अंशांच्या आसपास ही क्रिया होते. पण मुलांच्या हातात तापमापक कोठला? आप्पांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि अंधारात तार तापविली. काळोखात निखाऱ्यासारखी अगदी मंद लाली दिसू लागताच ज्योत बाजूला. उजेडात ही लाली दिसतच नाही. आणि उजेडात ती दिसेपर्यंत तापवीत राहिले तर चांदी वितळण्याच्या बेताला येते. विज्ञानाच्या पुस्तकातील 'धातूचे गुणधर्म' हा धडा आम्ही वर्षानुवर्षे शिकविला आहे. तो खऱ्या अर्थाने आम्हांला त्या अंधाऱ्या खोलीत समजला, हे कबूल करण्यास हरकत नाही.

येथे गणिताचाही चांगला उपयोग झाला. दोन मिलिमीटर जाडीची तार ओढून एक मिलिमीटर केली, तर लांबी किती पट होईल? बहुतेक मुलांनी दुप्पट सांगितले. जाडी निम्मी झाली की छेदाचे क्षेत्रफळ चौथाई होते, म्हणून लांबी चौपट. प्रत्यक्ष मोजल्यावर मुलांचा विश्वास बसला. तो फळ्यावर बसला नव्हता.

आता वेढे. पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत पोलादी सळई घेऊन तिच्यावर एक मिलिमीटरची तार घट्ट, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळावयाची. स्प्रिंगसारखे वेटोळे होते. मग ते वेटोळे सळईवरून काढून, बारीक पात्याच्या करवतीने त्याच्या लांबीला समांतर असा एक सरळ छेद घ्यावयाचा. एकेक वेढा सुटा होऊन खाली पडतो. तीच कडी. एका कडीला किती तार लागते? पाच मिलिमीटर आतला व्यास, त्यात तारेची एक जाडी मिळवून सहा. त्याला पायने गुणले की १८.८५ मिलिमीटर. म्हणजे एक मीटर तारेत ५३ कड्या. एक मीटर तारेचे वजन सुमारे ८.१ ग्रॅम, म्हणून एक कडी ०.१५ ग्रॅमची. जुन्या मापाने सव्वा गुंज. हे शेवटचे माप आप्पांनी कडी तळहातावर ठेवून, काटा न पाहता सांगितले.

कात्रीने किंवा छाटणीने कड्या तोडल्या तर काम झटपट होते. पण तारेचे टोक चिमटून कौलाच्या उतारासारखे होते आणि दोन टोके समोरासमोर आणली तरी मधे फट राहते. करवतीचा छेद सपाट येतो, टोके एकमेकांना पुरती भिडतात. बाजारातल्या स्वस्त दागिन्याची कडी भिंगाखाली पाहावी म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल. अर्थात करवतीने थोडी चांदी कीस होऊन जाते. पाते ०.३ मिलिमीटरचे धरले तर ५३ कड्यांमागे जवळजवळ १६ मिलिमीटर तार, म्हणजे ०.१३ ग्रॅम, भुकटी होते. सोन्याच्या कामात हाच आकडा झोप उडवितो. म्हणून मेजाखाली कातड्याची झोळी बांधलेली असते, आणि म्हणूनच सोनाराच्या दुकानातील केर विकत घेऊन तो धुऊन सोने काढणाऱ्या झारेकऱ्यांचा एक स्वतंत्र धंदाच आपल्याकडे होऊन गेला. गुजरातेत त्यांना धूळधोया म्हणतात. वर्गात रोज संध्याकाळी झोळी झाडून कीस तोलावयाचा आणि वहीत मांडावयाचा, असा नियम आम्ही केला. पहिल्या आठवड्यात मुले त्याला हसली. तिसऱ्या आठवड्यात दोन कड्यांचा हिशेब लागेना, तेव्हा तीच मुले चटया उचलून शोधीत बसली.

कडी उघडण्या-मिटण्याचीही एक रीत आहे. नवशिका दोन पकडींनी तिची टोके बाहेर ओढतो. मग तिचा गोल कायमचा बिघडतो. टोके बाजूला, एक पुढे आणि एक मागे, अशी फिरवावयाची आणि मिटतानाही तशीच आणावयाची. जागेच्या किंचित पुढे नेऊन मागे आणली की टोकावर टोक घासून बसते. आप्पा म्हणतात, कान दिला तर ऐकू येते. आम्हांला अजून ऐकू आलेले नाही. मुलींपैकी दोघींना येते.

आता या साऱ्याचे मर्म, तो सांधा. नुसती मिटलेली कडी ओढली की उघडते. ती पक्की करावयाची तर तिथे डाख दिला पाहिजे. डाखाला येथील गुजराती कारागीर रेण म्हणतात. डाख म्हणजे मूळ धातूपेक्षा कमी उष्णतेवर वितळणारा मिश्र धातू. चांदीचा कडक डाख १०० भागांत ७५ चांदी, २२ तांबे व ३ जस्त असा करतात. त्याहून लवकर वितळणारा हवा तर ६५, २० आणि १५. जस्त वाढले की वितळण्याची उष्णता उतरते. सांध्याला टाकणखाराचे पाणी लावावयाचे. तापल्यावर टाकणखार काचेसारखा वितळून पसरतो, धातूवर चढलेला गंज विरघळवून घेतो आणि हवेला आत येऊ देत नाही. मग डाखाचा तिळाएवढा तुकडा सांध्याखाली ठेवून ज्योत द्यावयाची.

ज्योत कुठे द्यावयाची, येथे सगळे चुकतात. आम्हीही चुकलो. साहजिक वाटते की डाखावर द्यावी. परंतु डाख उष्णतेकडे धावतो. डाखच आधी तापला तर तो गोळी होऊन तेथेच बसतो, आणि कडीचे एक टोक अधिक तापले तर तो त्याच टोकावर चढून जातो, फट तशीच राहते. चांदी उष्णता फार लवकर वाहून नेते, म्हणून आधी सगळी कडी सारखी तापवावयाची, दोन्ही टोके एकाच लालीवर आणावयाची. मग डाख एका क्षणात, पाणी फडक्यात शिरावे तसा, सांध्यात शिरतो. तो क्षण चुकला आणि ज्योत तेथेच राहिली की कडीची गोळी होते. पहिल्या वर्षी निम्म्याहून अधिक कड्यांच्या गोळ्या झाल्या. आप्पांनी त्या रागावल्याशिवाय मुशीत टाकल्या आणि पुन्हा लगड ओतली. चांदीचे हे एक बरे आहे, चूक फेकून द्यावी लागत नाही.

ज्योतीसाठी आता गॅसची नळी असते. आप्पांनी एक दिवस जुनी बागेसरी आणि बाकनळी आणली व कोळशाच्या निखाऱ्यावर फुंकून एक कडी जोडून दाखविली. श्वास न तोडता, नाकाने आत घेऊन गालातून बाहेर सोडीत राहावयाचा. आमच्यापैकी कोणासही तो प्रयोग साधला नाही.

डाखानंतर कडी सौम्य तेजाबात टाकून वरचा टाकणखार व काळेपणा काढतात. पूर्वी चिंचेच्या पाण्यात उकळीत आणि रिठ्याने धूत, आप्पा घरी अजून तेच करतात. तेजाब करताना ते पाण्यात ओतावे, पाणी तेजाबात कधीही ओतू नये, हा नियम शाळेच्या प्रयोगशाळेतलाच. पण दुसरा एक नियम आम्हांला ठाऊक नव्हता. एका मुलाने लोखंडी चिमट्याने कड्या बाहेर काढल्या आणि पाहतो तो पांढऱ्याशुभ्र चांदीवर गुलाबी झाक! तेजाबात चांदीतले थोडे तांबे उतरलेले असते. लोखंड आत गेले की ते तांबे परत येऊन चांदीवर बसते. त्या दिवसापासून तांब्याचा चिमटा आला. रसायनशास्त्राचा एक प्रश्न आम्ही पुढे परीक्षेत घातला तो याचवर.

एवढे सगळे एका कडीत आहे. सभासद महाशयांना यंत्राची आठवण झाली ते योग्यच आहे. यंत्र मिनिटाला कितीतरी कड्या तोडते, आणि मोठ्या कारखान्यात सांधे आता लेझरच्या किरणाने, डाखाशिवायही जोडतात. पण यंत्रातून निघालेली कडी दागिन्यात बसविण्यास, तुटलेली दुरुस्त करण्यास, खड्याशेजारी न तडकता जोडण्यास माणूस लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीकडे पाहावे. चांदीच्या पैंजणांसाठी ते गाव देशभर प्रसिद्ध आहे. तेथे यंत्रे आली आहेत, तरीही कड्या-घुंगरे जोडण्याचे काम आसपासच्या खेड्यांतून घरोघर बायका करतात. त्यांच्या हाताला मजुरी मिळते ती फार थोडी, हेही खरे आहे, आणि त्याबद्दल कोणी लिहिले पाहिजे. आमचा मुद्दा एवढाच की, जोडण्याचे काम संपलेले नाही.

शेवटच्या आठवड्यात बाहीची बटणे, म्हणजे कफलिंक. हे नाव इंग्रजी असले तरी वस्तू आपल्याला अगदी परकी नाही. सदऱ्याच्या छातीवर साखळीने एकमेकांस जोडलेली सोन्याची बटणे आपल्या आजोबा-पणजोबांच्या फोटोंत दिसतात. तीच युक्ती मनगटावर आली की कफलिंक. युरोपात सतराव्या शतकात बाहीला नाड्यांच्या जागी अशी जोडबटणे येऊ लागली. दोन हृदये आणि वर मुकुट असा ठसा असलेली त्या काळची बटणे इंग्लंडात पुष्कळ सापडली आहेत, आणि ती १६६२ साली दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची कॅथरीन यांच्या विवाहाच्या निमित्ताने निघाली असे तेथील जाणकार मानतात. ज्या विवाहात मुंबई बेट आंदण दिले गेले तोच हा विवाह. मुंबई आणि कफलिंक एकाच लग्नातल्या, असे आम्ही मुलांना सांगितले. ते त्यांना पायच्या किमतीपेक्षा चांगले लक्षात राहिले. आमच्या समाजात पुरुषाने सोने अंगावर घालू नये असा दंडक आहे, म्हणून शेरवानीला किंवा बाहीला दागिन्याची बटणे हवी असली तर आम्हांला चांदीच सोयीची. वर्गालाही तीच परवडते.

आजकाल कफलिंकच्या मागे फिरती दांडी असते. ती कारखान्यातून तयार येते. हाताने करावयाची सर्वांत सोपी आणि सर्वांत जुनी जात म्हणजे दोन चकत्या आणि मधे कड्या. एक मिलिमीटर जाड पत्र्यातून चकत्या कापावयाच्या, कानशीने कडा साफ करावयाच्या, प्रत्येकीच्या पाठीवर एक कडी उभी डाखावयाची आणि मधल्या सुट्या कडीने दोन्ही जोडून ती शेवटी डाखावयाची. यात क्रम महत्त्वाचा. पाठीवरच्या कड्या कडक डाखाने आधी. मधली कडी मऊ डाखाने नंतर. उलट केले तर दुसरा सांधा करताना पहिला सुटतो. शिवाय आधीच्या सांध्यावर कावेचा लेप देतात, म्हणजे तेथला डाख पुन्हा वितळला तरी वाहत नाही.

लांबीचा हिशेब एका हुशार मुलाने केला. कडीचा बाहेरचा व्यास सात, कड्या तीन, म्हणून चकत्यांमधले अंतर एकवीस मिलिमीटर. मोजले तर सतरा भरले. कड्या एकमेकींत अडकतात तेव्हा प्रत्येक जोडावर तारेच्या दोन जाड्या एकमेकींत लपतात, हे तो विसरला होता. आतला व्यास गुणिले कड्या, अधिक तारेच्या दोन जाड्या : तीन पंचे पंधरा आणि दोन, सतरा. दुमडलेल्या कफाला ते बरोबर होते. पाच कड्या घातल्या असत्या तर सत्तावीस होऊन बटण लोंबले असते.

आणखी एक फजिती आमची स्वतःची. पहिल्या वर्षी दोन्ही चकत्या सारख्या, सोळा मिलिमीटरच्या करा असे आम्हीच सांगितले. दिसावयास छान दिसतील म्हणून. समारोपाला पाहुण्यांना एक जोडी भेट दिली. ती त्यांच्या बाहीच्या काजातून जाईना! आप्पा काही बोलले नाहीत, हसले मात्र. दुसऱ्या वर्षी बाहेरची चकती पंधराची आणि आतली, जी काजातून पार व्हावयाची ती, बाराची. एका जोडीला सुमारे सात ग्रॅम चांदी लागते.

काही मुलांना फुगीर, आतून पोकळ बटण करण्याची हौस होती. त्यांना आप्पांनी आधी मागच्या पत्र्याला सुईएवढे भोक पाडण्यास लावले. चारी बाजूंनी बंद पोकळीत अडकलेली हवा तापली की सांधा फोडून बाहेर येते. आत तेजाबाचा थेंब राहिला असेल तर त्याची वाफ बंदुकीसारखी उडते. भोक दिसू नये म्हणून ते न पाडणारे कारागीर असतात. आप्पांच्या उजव्या भुवईवरचा व्रण तसल्याच एका बटणाचा आहे.

आता ज्यासाठी मुख्यतः लेखणी उचलली तो भाग. आमचा एक जुना विद्यार्थी, शाळा अर्धवट सोडून, वर्ग सुरू होण्याच्या कितीतरी आधी सोनाच्या कामाला लागला होता. कुठे, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. लहानशी खोली, चार मेजे, खिडकी बंद, कारण वाऱ्याने ज्योत हलते. काही वर्षांनी तो रस्त्यात भेटला तेव्हा जिना चढून आल्यासारखा बोलत होता. चौकशी केली तर म्हणाला, "सर, आमच्याकडे केडीएमचं काम असतं." हे शब्द त्याने अभिमानाने सांगितले, कारण दुकानात 'केडीएम' म्हणजे उत्तम प्रतीचे सोने असा समज आहे.

तो समज किती चुकीचा आहे हे कडीच्याच हिशेबाने कळते. बावीस कॅरट सोन्यात हजारात ९१६ भाग सोने. समजा दहा ग्रॅमचा दागिना आहे आणि त्यात एक ग्रॅम डाख, शेकडा ७५ सोन्याचा. तर सगळ्या दागिन्याची सरासरी शेकडा ९० च्याही खाली उतरते. कड्या जितक्या बारीक आणि पुष्कळ, तितका डाख अधिक आणि घट मोठी. यावर बाजाराने युक्ती काढली : डाखातच ९२ भाग सोने आणि ८ भाग कॅडमियम घालावयाचे. सोन्याचा कस राहतो आणि कॅडमियममुळे डाख लवकर वितळतो. केडीएम ते हेच. ती सोन्याची प्रत नव्हे, डाखाचे नाव आहे. पण कॅडमियम ७६७ अंशांवर उकळते. सोने वितळते १०६४ वर. म्हणजे डाख वाहू लागेपर्यंत कॅडमियमचा धूर कारागिराच्या नाकाखाली निघू लागलेला असतो. तो धूर फुप्फुसे जाळतो, मूत्रपिंडे निकामी करतो, आणि कर्करोगकारक म्हणून त्याची नोंद झालेली आहे. गिऱ्हाइकाला तयार दागिन्यापासून काही होत नाही. जे होते ते मेजाशी बसणाऱ्याला होते, आणि तो बहुधा अठरा-वीस वर्षांचा असतो.

हॉलमार्कच्या मानकांत कॅडमियमच्या डाखाला जागा नाही. आपल्या देशात सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्कची योजना २००० साली सुरू झाली आणि १६ जून २०२१ पासून प्रथम २५६ जिल्ह्यांत ती सक्तीची झाली. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षरांकी ओळखखूण असल्याखेरीज सक्तीच्या क्षेत्रात तो विकता येत नाही. कॅडमियमऐवजी जस्त आणि इतर धातू घातलेले डाख मिळतात. ते थोडे महाग पडतात आणि हाताळावयास किंचित अवघड. चांगल्या कारखान्यांनी ते केव्हाच स्वीकारले आहेत. पण दुरुस्तीच्या लहान खोल्यांत काय जळते, हे त्या खोलीतल्या पोराने विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ज्याला डाख म्हणजे काय हेच ठाऊक नाही तो काय विचारणार?

तो विद्यार्थी आता ते काम करीत नाही. धाप पूर्ण गेलेली नाही. वर्गाच्या दुसऱ्या वर्षी तो दोन दिवस येऊन बसला होता, मुलांशी बोलला. त्याच्या सांगण्यावरून आम्ही मेजांच्या बाजूला धूर ओढून घेणारा पंखा बसविला. आप्पांना ज्योत हलते म्हणून तो अजून आवडत नाही. यंदाच्या अंदाजपत्रकात त्याच्या नळीसाठी रक्कम मागितली आहे, सभासदांनी ती कापू नये अशी येथेच विनंती करतो.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गातील एक मुलगी, जिला कडी मिटल्याचे ऐकू येते असे वर म्हटले त्या दोघींपैकी एक, या पावसाळ्यात येथल्याच एका कारखान्यात कामासाठी गेली. तेथे तिच्यापुढे दोन उघड्या कड्या, पक्कड आणि ज्योत ठेवली व जोडून दाखव म्हणाले. तिने कड्या मिटल्या, टाकणखार लावला, आणि ज्योत हातात घेण्याआधी विचारले, "साहेब, डाख कुठला आहे?" तपासनीस क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने डाखाची पुडी उलटी करून, मागचा छापील कागद तिला वाचावयास दिला. तो वाचून झाल्यावर तिने कडी जोडली.